हेंड्रिक स्पिलमनचं चिमुकलं नाइमेखन: अठराव्या शतकातलं ओरिजिनल एचिंग घेतलं, त्याचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते, मग बाकीचं. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क दुकानाचा कापलाय, एचिंग करणाऱ्याचा नाही, त्याला मी पाचपैकी पाच देते आणि त्यात काही घासाघीस नाही.

वस्तू काय आहे ते आधी. नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहराचं वाल नदीच्या पलीकडच्या काठावरून दिसणारं दृश्य, तांब्याच्या पत्र्यावर एचिंग करून, म्हणजे ॲसिडने रेघा कोरून, छापलेलं, काळं-पांढरं, चित्राचा भाग पोस्टकार्डपेक्षाही लहान, भोवती बऱ्यापैकी समास. चित्र काढलं यान दे बेयरने आणि ते तांब्यावर उतरवलं हेंड्रिक स्पिलमनने. आम्सटरडॅमच्या इसाक तिरिओन नावाच्या प्रकाशकाने 1745 पासून 'हेट फेरहेरलिक्ट नेदरलांड' अशी एक मोठी मालिका काढली होती, देशभरातली शहरं, गावं, किल्ले, वाडे, चर्चेस, असं सगळं छोट्या छोट्या चित्रांतून, आणि ती मालिका 1774 पर्यंत भाग-भाग करत चालली. हे पान त्यातलं. इथल्याच एका जुन्या प्रिंट्सच्या दुकानाच्या वेबसाइटवरून घेतलं, 42 युरो आणि पोस्टेज वेगळं. हो, 42च. जुनी ओरिजिनल प्रिंट म्हटलं की लोकांना वाटतं हजारांत जाणार, पण ही मालिका तेव्हा खूप खपली, पानं भरपूर शिल्लक आहेत आणि आकार लहान म्हणून मोठे कलेक्टर फारसे वळत नाहीत, त्यामुळे साध्या पगारदार माणसाला परवडेल अशी ही गोष्ट आहे.

आता स्पिलमनबद्दल, कारण हा रिव्ह्यू खरं तर त्याच्यासाठीच लिहितेय. या प्रिंट्स विकताना सगळीकडे नाव चालतं ते दे बेयरचं. दे बेयर मोठा माणूस होता यात वादच नाही, 1703 साली स्वित्झर्लंडमधल्या आराउला जन्मला, आयुष्याचा बराच काळ गावोगाव फिरत चित्रं काढत राहिला आणि त्याच्यामुळेच आपल्याला अठराव्या शतकातली डच गावं इतकी नीट माहीत आहेत. पण त्याची ओरिजिनल चित्रं कशी असायची? पेनाच्या बारीक रेघा आणि त्यावर करड्या शाईचे पातळ हात, म्हणजे वॉश. आभाळ म्हणजे एक फिकट वॉश, पाणी म्हणजे दुसरा वॉश, भिंतीची सावली म्हणजे जरा गडद वॉश. आता हे तांब्यावर कसं आणणार? साध्या एचिंगमध्ये वॉश नावाची गोष्टच नाही, तिथे फक्त रेघ आहे, एक तर रेघ आहे किंवा कोरा कागद. म्हणजे दे बेयरने ब्रशच्या एका हाताने जे केलं ते स्पिलमनला शेकडो रेघांत परत विचार करून मांडावं लागलं, आणि तेही असल्या इवल्याशा जागेत. याला नक्कल म्हणणाऱ्यांनी एकदा भिंगातून बघावंच.

मी बघितलं, आणि अजून बघतेच आहे. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. आभाळ बघा आधी. वरच्या बाजूला आडव्या रेघा, अगदी हलक्या, मध्येच तुटणाऱ्या, आणि ढगांच्या कडेला त्या रेघा थांबतात, म्हणजे ढग काढलेलाच नाही, ढगाभोवतीचं आभाळ काढलंय. पाण्यातही आडव्याच रेघा आहेत पण त्या काठाजवळ दाट आणि मध्ये विरळ होत जातात, आणि बोटींच्या खाली दोन-चार उभ्या छोट्या रेघा मारल्यात की झालं प्रतिबिंब. एवढ्यात होतं सगळं. दूरची घरं अगदी केसासारख्या रेघेची आणि पुढचा काठ, गवत, दगड हे ठसठशीत. हा फरक हाताच्या दाबाने येत नाही हे कळल्यावर मला जास्तच आदर वाटायला लागला. एचिंगमध्ये तांब्यावर मेण-राळेचा पातळ थर असतो, सुईने तो फक्त खरवडायचा, खरी रेघ कोरतं ते ॲसिड. म्हणून पहिल्यांदा थोडा वेळ ॲसिड द्यायचं, मग जे भाग फिके राहायला हवेत ते वार्निशने झाकायचे आणि उरलेल्यांना परत ॲसिड, परत झाकायचं, परत ॲसिड. म्हणजे आभाळ आधी झाकलं गेलं असणार, पुढचा काठ सगळ्यात शेवटपर्यंत ॲसिडमध्ये राहिला असणार. किती वेळ ठेवायचं हे डोळ्यांनी आणि सवयीने ठरवायचं, चुकलं तर पत्रा वाया. स्पिलमन हे आयुष्यभर करत राहिला, जन्म 1721 चा आम्सटरडॅमचा, गेला 1784 मध्ये हार्लेमला, आणि या मालिकेतली कितीतरी पानं त्याच्याच हातची आहेत.

अजून एक गोष्ट. छापल्यावर चित्र उलटतं, डावीकडचं उजवीकडे जातं. म्हणजे शहर छापून सरळ यायचं तर पत्र्यावर ते उलटं काढायला लागतं. रेम्ब्रांटने आम्सटरडॅमचं जे प्रसिद्ध एचिंग केलंय 1640 च्या सुमाराचं, त्यात शहर उलटंच छापलं गेलंय, त्याने सरळ पत्र्यावर काढलं आणि तसंच राहू दिलं, त्याला चालून गेलं. पण इथे लोक आपलं गाव ओळखायला पुस्तक विकत घेणार होते, त्यांना चालणार नव्हतं. माझ्या पानात किल्ला डावीकडे आणि मोठ्या चर्चचा मनोरा उजवीकडे आहे, आणि नदीच्या उत्तरेला लेंटच्या बाजूला उभं राहून बघितलं तर खरंच तसंच असतं. म्हणजे पूर्ण शहर, प्रत्येक छप्पर, प्रत्येक शीड, उलट्या बाजूने काढलंय त्याने आणि कुठेही अवघडलेलं दिसत नाही.

आणि आता तो डावीकडचा किल्ला. हेच पान का घेतलं याचं उत्तर तिथे आहे. तो फाल्कहॉफ, नदीच्या वरच्या उंचवट्यावरचा. सम्राट शार्लमेनचा राजवाडा इथे होता, मग 1155 च्या सुमाराला सम्राट बार्बारोसाने तो नव्याने बांधून घेतला, शेकडो वर्षं शहराचं तोंड म्हणजे हा किल्ला. आज तुम्ही नाइमेखनला गेलात तर तिथे बाग आहे. छान झाडं आहेत, बाकं आहेत, खाली नदी दिसते, पण किल्ला नाही. 1796-97 मध्ये प्रांताच्या सरकारने तो पाडायला काढला, दगड विकून पैसे उभे करायला. उरलंय काय तर अकराव्या शतकातलं संत निकोलसचं आठकोनी चॅपल आणि बार्बारोसाच्या चॅपलचा एक तुटका अर्धगोल. बास. बाकी अख्खा किल्ला, तो मधला प्रचंड चौकोनी बुरूज, ती छपरांची रांग, हे सगळं फक्त कागदावर आहे, आणि तो कागद मला 42 युरोला मिळाला.

भिंगातून बघितलं तर त्या बुरुजाच्या भिंतीवर स्पिलमनने आडव्या रेघांवर तिरक्या रेघा टाकल्यात, एकाच बाजूला, त्यामुळे ऊन उजवीकडून येतंय हे कळतं आणि भिंतीचा जाडपणा कळतो. खिडक्या म्हणजे नुसते दोन-दोन टिंब. चॅपलचं छप्पर झाडांच्या मागून अर्धंच दिसतं, पण कोन बरोबर आहेत, आजही ते चॅपल तसंच दिसतं त्यामुळे ताडून बघता येतं. म्हणजे जे उरलंय ते त्याने बरोबर काढलंय, मग जे गेलंय त्याबद्दलही विश्वास ठेवावासा वाटतो. माझ्या मते जुन्या शहरदृश्यांची खरी परीक्षा हीच, नुसतं सुंदर दिसणं नाही.

उजवीकडचा मनोरा स्टेव्हन्सकेर्कचा. ते चर्च 1273 मध्ये अल्बर्टस मॅग्नस या मध्ययुगातल्या धर्मपंडिताने पवित्र केलं असं इथला प्रत्येक माहितीफलक सांगतो. पण तुम्हाला आज दिसतो तो मनोरा मुख्यतः युद्धानंतर परत बांधलेला आहे. 22 फेब्रुवारी 1944 ला अमेरिकन विमानांनी नाइमेखनच्या मधोमध बॉम्ब टाकले, जवळजवळ आठशे माणसं गेली, जुनं गाव उद्ध्वस्त झालं, मनोराही कोसळला. किल्ला आणि मनोरा यांच्या मध्ये पानात जी घरांची दाटी आहे ना, एकमेकांना खेटून उतरणीवरून नदीपर्यंत आलेली, त्यातलं फार थोडं शिल्लक आहे. मी ती घरं मोजायचा प्रयत्न नाही केला, पण प्रत्येक छपराला वेगळा उतार दिलाय त्याने, एकच एक साचा मारलेला नाही, हे नक्की सांगू शकते.

नदीतली एक गोष्ट राहिली. मध्यभागी एक सपाट नाव आहे, उंच डोलकाठ्यांची, नखाएवढी, आणि तिच्यापासून वरच्या अंगाला छोट्या होड्यांची ओळ गेलीय. दुकानवाल्याने वर्णनात नुसतं 'बोटी' लिहिलं होतं. पण ही साधी बोट नाही, ही नाइमेखनची प्रसिद्ध फेरी, झेल्डेनरुस्ट. 1657 मध्ये हेंड्रिक ह्यूक नावाच्या माणसाने ही पद्धत काढली. नदीच्या मध्ये बरंच वरच्या बाजूला नांगर टाकायचा, त्याला लांबच लांब दोर, दोर पाण्यात बुडू नये म्हणून तो छोट्या होड्यांवर तोललेला, आणि टोकाला ही मोठी नाव. सुकाणू तिरकं केलं की प्रवाहच नावेला ढकलतो आणि ती लंबकासारखी या काठावरून त्या काठावर जाते. वल्हं नको, शीड नको, घोडा नको. ही फेरी 1936 मध्ये वालब्रुख हा पूल झाला तोपर्यंत चालली. स्पिलमनने दोर सलग काढला नाहीये, होडी ते होडी तुटक रेघ आहे, म्हणजे जिथे दोर पाण्याला टेकतो तिथे तो सोडून दिलाय. एवढ्या लहान जागेत हे लक्षात ठेवून करणारा माणूस. ते बघून मी घरातल्या सगळ्यांना बोलावून भिंग हातात दिलं.

आता खरी-खोटी कशी ओळखायची, कारण हे प्रश्न येणारच. पहिलं, भिंगातून रेघा सलग दिसायला हव्यात, ठिपके ठिपके दिसले तर ते आधुनिक छापलेलं चित्र आहे, विषय संपला. दुसरं, चित्राच्या बाहेर चौकोनी दाबाची खूण हवी, पत्रा ओल्या कागदावर जोरात दाबला जातो त्याची कड उमटते, बोट फिरवलं तरी जाणवते. माझ्या पानावर चारही बाजूंनी आहे. तिसरं, कागद उजेडासमोर धरा, जाळीच्या तारांच्या समांतर रेषा दिसतात, जवळ जवळ बारीक आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या थोड्या अंतरावरच्या जाड. हा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, लाकडाचा नाही, म्हणून तो एवढ्या वर्षांनी पण मऊ आहे, वाकवला तर तडकत नाही, आणि पांढरेपणा बऱ्यापैकी टिकून आहे. असला कागद त्या काळी झान नदीकडच्या पवनचक्क्यांवर भरपूर बनायचा, वेस्टझानची 1692 ची दे स्कूलमेस्टर अजून चालू आहे, वाऱ्यावर कागद बनवते, कधी त्या बाजूला गेलात तर बघून या. चौथं, रेघेचं टोक. एचिंगची रेघ बोथट संपते आणि जाडी साधारण सारखी राहते, छिन्नीने कोरलेली रेघ टोकाला निमुळती होते. माझ्या पानात बहुतेक सगळं एचिंग आहे, पुढच्या काठावरच्या एक-दोन गडद सावल्या मात्र नंतर छिन्नीने पक्क्या केल्यासारख्या वाटतात, तसं करायची पद्धतच होती.

हे मात्र महत्त्वाचं, त्यामुळे जरा जोर देऊन सांगते: रंगवलेलं पान घेऊ नका. याच दुकानात याच मालिकेतली रंगीत पानं जवळजवळ दुप्पट किमतीला होती. मालिका काळ्या-पांढऱ्यात निघाली होती, आज बाजारात जी रंगीत पानं दिसतात त्यातले बरेचसे रंग विसाव्या शतकात दुकानदारांनी चढवून घेतलेले आहेत, कारण भिंतीवर रंगीत जास्त खपतं. निळं आभाळ, लाल छपरं, हिरवं गवत, सगळ्या गावांना तेच तीन रंग. आणि त्या निळ्या रंगाखाली स्पिलमनच्या आभाळातल्या हलक्या रेघा अक्षरशः बुडून जातात. ज्या माणसाने रंग नसताना रेघांमधून उजेड दाखवला त्याच्यावर रंग ओतायचा, वर जास्त पैसे घ्यायचे, मला हे बिलकुल पटत नाही. काही जुने रंग खरे आणि सुंदर असतात, मोठ्या नकाशांवर वगैरे, ते वेगळं, इथे नाही.

छपाईची क्वालिटी पण बघा. तांबं मऊ असतं, पत्रा छापून छापून झिजतो आणि एचिंगच्या रेघा फार खोल नसतात, त्यामुळे आधी आभाळ जातं, मग दूरची घरं. माझ्या पानात आभाळ शाबूत आहे, डाव्या कोपऱ्यात थोडं फिकं झालंय तेवढंच. वेबसाइटवर दोन प्रती होत्या, दुसरी 10 युरोने स्वस्त, पण तिच्यात ढगच उरले नव्हते. फोटो झूम करून बघा आणि झूम होत नसेल तर सरळ मेल करून मोठा फोटो मागा, चांगले दुकानदार देतात.

पुस्तकं फोडून पानं विकणं याबद्दल माझं मन अजून पूर्ण स्वच्छ नाही. हे पान कधीतरी कुठल्या तरी पुस्तकातून सुटलेलं आहे, बांधणीच्या बाजूला शिवणीची भोकं दिसतात. जुनी फुटलेली पानं फिरत आहेत ती घ्यायला मला हरकत वाटत नाही, पण अख्खा खंड आत्ता फोडून विकणाऱ्याकडून मी घेणार नाही. या दुकानाला तसं विचारलं, त्यांनी सांगितलं की ही पानं सुटी एका जुन्या संग्रहातून आली, आणि समासाच्या कडेला जुन्या अल्बमच्या डिंकाच्या खुणा आहेत त्यामुळे ते पटलं.

पॅकिंग एक नंबर. दोन जाड पुठ्ठे, मध्ये ॲसिड-फ्री कागद, वर प्लास्टिक, पाऊस असून पाकीट कोरडं. फ्रेमिंग मात्र दुसरीकडे केलं आणि तिथे त्रास झाला. फ्रेमवाल्याने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, एवढा आत घेतला की दाबाची खूण आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात असलेली स्पिलमनची सही, दोन्ही झाकली गेली. त्याचं म्हणणं, असंच नीट दिसतं. परत कापून घेतलं. तुम्ही आधीच सांगा: माउंट पत्र्याच्या खुणेच्या बाहेर, पुठ्ठा ॲसिड-फ्री, पान चिकटवायचं नाही, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि पिठाची खळ, टेप कुठेही नको, काच यूव्हीवाली आणि भिंतीवर थेट ऊन येता कामा नये. फ्रेमला प्रिंटच्या दुप्पट पैसे गेले आणि ते जाऊ द्यावेत असं माझं मत आहे.

काही जण विचारतील की आम्सटरडॅमच्या रेइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवरून असल्या प्रिंट्स हाय रिझोल्युशनमध्ये फुकट डाउनलोड होतात मग पैसे कशाला घालायचे. डाउनलोड जरूर करा, मी पण करते, स्क्रीनवर मोठं करून बघायला ते भिंगापेक्षा सोपं पडतं. पण छापलेल्या एचिंगमध्ये शाई कागदाच्या वर उभी असते, तिरक्या उजेडात गडद रेघा उंचावलेल्या दिसतात, ते स्क्रीनवर येत नाही. आणि हे आकारानेच हातात धरून बघायचं चित्र आहे, पोस्टरएवढं केलं की रेघा राठ दिसतात आणि त्यातला उजेड जातो.

पान घेऊन लेंटच्या बाजूला गेलो होतो, म्हणजे फ्रेम करायच्या आधी, पुठ्ठ्यात घालून. आता तिथला काठ पूर्वीचा राहिलेला नाही, पुराच्या पाण्याला जागा द्यायला बांध मागे सरकवला आणि नदीला दुसरी वाट काढून दिली, त्यामुळे मध्ये बेट झालंय. पण बेटावरून समोर बघितलं की मांडणी तीच: डावीकडे टेकडी, उजवीकडे मनोरा, टेकडीच्या डावीकडे बेल्व्हेडेअरचा बुरूज, तो अजून उभा आहे. डावीकडे पुलाची कमान नवीन. नाइमेखनला जाणार असाल तर पान नाही तर निदान त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि नदी ओलांडून पलीकडे जा, बहुतेक लोक फक्त टेकडीवरच्या बागेत बसून परत येतात.

आता तो अर्धा मार्क. दोन कारणं. एक, पानाच्या मागे जुन्या टेपचा तपकिरी डाग आहे, वरच्या कडेला, पुढून दिसत नाही, पण मागचा फोटोच टाकला नव्हता आणि वर्णनात 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं. दुसरं, वर्णनात स्पिलमनचं नावच नव्हतं. सही पानावर आहे, दे बेयरची डावीकडे आणि स्पिलमनची उजवीकडे, दोघांची सारख्याच आकाराची, तरी विकताना एकाचंच नाव. दोन्ही गोष्टी मेलवर लिहिल्या. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, डागाबद्दल पोस्टेजचे पैसे परत केले आणि उरलेल्या प्रतीच्या वर्णनात 'एचिंग: हे. स्पिलमन' असं घातलं. बाकीच्या गावांच्या पानांवर मात्र अजून नुसतं दे बेयर आहे, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, आणि 'स्पिलमन' टाकून काही सापडलं नाही तरी उजव्या कोपऱ्याचा फोटो मागून घ्या.